माहेरचा रकाना

"घरात साखरेचा आजार कुणाला?" मी विचारलं.

"मला हाय की," सुभद्राबाई म्हणाल्या. "आन आमच्या ह्यायलाबी होता. त्यात हार्ट अटॅक आला अन् गेले."

मी टॅबलेटवर टकाटक खुणा केल्या. आई, मधुमेह. वडील, मधुमेह, हृदयविकार, मयत. पुढचा रकाना रक्तदाबाचा होता. सुभद्राबाईंनी तोही उत्साहानं भरून दिला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचे आजार इतक्या आदरानं लिहून घेत होतं. त्यांच्या शेजारी त्यांची सून रेवती पोटावर हात ठेवून बसली होती. वय तेवीस, दिवस भरलेले. बाळंतपण तिचं होतं, पण माहिती सासूबाईंची चालली होती. यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही, कारण आपल्याकडे सुनेच्या वतीनं सासूच बोलते.

"घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय कधी?"

"माझ्या मावशीला..." रेवतीनं तोंड उघडलं.

"तिला कुठली आलीय मावशी?" सुभद्राबाईंनी तिचा हात दाबला. "मायबाप न्हाईत लेकराला. आमच्याच नात्यातली हाय, परभणीकडची. म्या सांगते, तुमी लिवा."

"मावशीचा रकानाच नाही आजी, काळजी करू नका," मी हसून म्हणालो. "या मशीनला सगळं कळतं."

स्क्रीनवर पिवळी पट्टी आली. तिच्यात काहीतरी बारीक अक्षरांत लिहिलं होतं. मी 'ठीक आहे' दाबलं. पिवळ्या पट्ट्या वाचायच्या नसतात, त्या दाबायच्या असतात, एवढं मी नव्या विद्येत शिकलो होतो. पट्टी गेली आणि हिरवंगार कार्ड उमटलं. 'रेवती विश्वंभर हंबर्डे. भुलीचा धोका : नगण्य.' खाली, मुंगीला वाचता येईल अशा अक्षरांत, 'तात्पुरते. लाळेचा जनुकीय अहवाल एकवीस दिवसांत.' मी रेवतीला छोट्या नळीत थुंकायला लावलं, नळीवर चिकटपट्टी लावली आणि आजचं मोठं काम उरकलं अशा समाधानात चहा प्यायला गेलो.

याला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, पुण्याहून भूलशास्त्र शिकून नांदेडला डॉ. पिंपळदरीकरांच्या हॉस्पिटलात लागलो होतो. भूलतज्ज्ञ तर होतोच, वर 'डिजिटल प्रमुख' अशी पाटीही माझ्या दारावर होती. ती पाटी मला डिग्रीपेक्षा जास्त आवडायची.

सर म्हणजे डॉ. पिंपळदरीकर एका परिषदेला गेले होते, तिथून येताना 'जनुकदृष्टी' घेऊन आले. माणसाची थुंकी तपासायची, घराण्याची माहिती भरायची, मग कॉम्प्युटर सांगणार की याला कोणतं औषध लागू आणि कोणतं बाधणार. कल्पना वाईट नव्हती. पण सरांना कल्पनेपेक्षा फलक आवडला. रविवारी पालकमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन ठरलं होतं आणि रस्त्यावर 'आता उपचार तुमच्या जनुकांनुसार' असे मोठाले फलक लागले होते. त्यावर सरांचा फोटो जनुकांच्या पिळाला रेलून उभा होता.

या सगळ्यात एकच अडचण होती, बिडवई मॅडम. इंदुमती बिडवई. अडुसष्ट वर्षांच्या, चाळीस वर्षं या गावाला भूल देत आलेल्या. त्यांची एक खोड होती. बाई ऑपरेशनला आली की त्या स्टूल ओढून बसायच्या आणि तिला विचारायच्या, माहेर कुठलं, आडनाव काय, मामा कुठले, त्यांच्यात कुणाचं ऑपरेशन झालं का, तो शुद्धीवर कधी आला. वीस-वीस मिनिटं हे चालायचं. आम्ही मागं हसायचो. सोयरीक जमवायला बसल्यात म्हणायचो.

एकदा एका पेशंटच्या प्राध्यापक दिराला हे खटकलं. 'या हॉस्पिटलात जात विचारतात' असं पत्र त्यानं पेपरात छापून आणलं. झालं, सरांना निमित्त मिळालं. मॅडमना मानानं घरी बसवण्यात आलं. नाव तेवढं डॉक्टरांच्या यादीत राहिलं, कारण त्या नावावर पेशंट यायचे. सरांनी पेपरला निवेदन दिलं की आमच्या कॉम्प्युटरच्या फॉर्ममध्ये जातीचा रकानाच नाही. ते खरंही होतं. रिसेप्शनपासून मेडिकलच्या दुकानापर्यंत सगळी माणसं सरांच्या भावकीतली, तिथं रकाना लागतो कशाला? मॅडमची जागा मला मिळाली, आणि मी ती आनंदानं घेतली.

तर त्या दिवशी सव्वादहाला माझा दुसरा चहा अर्धवट राहिला. रेवतीच्या बाळाचे ठोके मंदावले होते. ताबडतोब सिझर करायला हवं होतं. तिच्या रक्तात गोठवणाऱ्या पेशी कमी होत्या, त्यामुळे पाठीत सुई देऊन कमरेखाली भूल देणं धोक्याचं होतं. पूर्ण भूल द्यायची ठरली. पूर्ण भूल देताना श्वासनळीत नळी घालावी लागते, आणि ती पटकन जावी म्हणून सगळे स्नायू ढिले करणारं एक औषध देतात. त्यानं माणूस तीन-चार मिनिटं हलत नाही, श्वासही घेत नाही. तेवढा वेळ मशीन श्वास देतं, मग औषध आपोआप उतरतं. हजार वेळा दिलेलं औषध. हिरवं कार्ड समोर होतंच. मी दिलं.

ऑपरेशन सुरेख झालं. सरांचा हात चांगला होता, ते मी कधीच नाकारलं नाही. मुलगी झाली, खणखणीत रडली. सर टाके घालून बाहेर गेले आणि मी झोपेचा गॅस बंद केला. आता रेवतीनं श्वास घ्यायला हवा होता.

तिनं घेतला नाही.

मी पाच मिनिटं थांबलो. फुगा हातानं दाबून श्वास देत राहिलो. स्नायू जागे करण्याचं औषध दिलं. काही नाही. बोटाला चिमटा काढला. हात कापडाच्या पिशवीसारखा पडून होता. दहा मिनिटं झाली. मी 'जनुकदृष्टी'ला शरण गेलो, एका हातानं फुगा दाबत दुसऱ्या हातानं लिहिलं, पेशंट श्वास घेत नाही. तिनं क्षणभर विचार केला आणि सल्ला दिला : 'रुग्णाला दीर्घ श्वास घ्यायला सांगा.'

सिस्टर रजिया समोर उभी होती. तिनं तो सल्ला वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

मी सरांना बोलावलं. सर आले, मॉनिटर बघितला, नाडी एकशे चाळीस, रक्तदाब चढलेला. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या डोळ्यांपुढे रविवार होता. हिच्या मेंदूला काहीतरी झालंय, त्यांनी निदान करून टाकलं. वाचली तरी डोकं कामातून गेलेलं असणार. आता हिला इथं ठेवायचं नाही, अँब्युलन्स बोलवा, हैदराबादला पाठवा, काय व्हायचं ते तिकडं होऊ दे. मी म्हणालो, सर, पाच तासांचा रस्ता आहे, हातानं फुगा दाबत न्यावं लागेल. सर म्हणाले, मग दाबा.

"आणि कागद नीट करा," ते म्हणाले. "भुलीच्या नोंदीवर काय लिहिलंय?"

काहीच लिहिलं नव्हतं. कॉम्प्युटर आल्यापासून मी कागदी नोंद शेवटी करायचो. तो कोरा कागद बघून मला जे सुचलं ते मला कुणी सुचवलं नव्हतं. सरांनीही नाही. ते माझंच.

"सर, बिडवई मॅडमची सही टाकू या," मी म्हणालो. "त्यांचं नाव अजून यादीत आहे. वय झालंय त्यांचं, हात चुकला म्हटलं तर कुणालाही पटेल."

हे मी पेशंटच्या डोक्याशी उभा राहून बोललो. एक हात फुग्यावर होता. सर म्हणाले, विचार चांगला आहे. मग ते अँब्युलन्सचं बघायला गेले. रेवतीच्या डोळ्यांवर आम्ही चिकटपट्टी लावलेली असते, तिच्या कडेनं पाणी ओघळून कानात जात होतं. मी कापसानं ते पुसलं. डोळ्यांत घातलेलं मलम वितळलं असेल, असं मला वाटलं. मी तेव्हा काहीही वाटून घ्यायला तयार होतो.

रजिया मध्येच बाहेर गेली होती. ती कशाला गेली ते पंधरा मिनिटांनी कळलं. दार ढकलून बिडवई मॅडम आत आल्या. सुती साडीवर हिरवा गाऊन चढवलेला, टोपी वाकडी, आणि कुणाशी काही न बोलता त्या सरळ मॉनिटरपाशी.

"गॅस कधी बंद केलास?"

"पंचवीस... तीस मिनिटं झाली."

"मग तीस मिनिटं ही जागी आहे," त्या म्हणाल्या.

मला वाक्य कळलं, अर्थ कळायला वेळ लागला.

"झोपलेल्या माणसाची नाडी अशी पळते का रे? डोळ्याला पाणी येतं का? स्नायूंचं औषध उतरलेलं नाही, झोपेचं उतरलंय. हिला पोटाचे टाके कळतायत. आपण बोलतोय ते ऐकू येतंय. फक्त पापणीसुद्धा हलवता येत नाही."

मग त्यांनी रजियाला झोपेचं इंजेक्शन भरायला सांगितलं आणि ते देण्याआधी रेवतीच्या कानाशी वाकल्या.

"बाळ, मी बिडवई. तू जागी आहेस, मला माहीत आहे. एक औषध तुझ्या अंगातून सावकाश उतरतंय, म्हणून तुला हलता येत नाही. श्वास आम्ही देतोय, तो बंद पडणार नाही. मुलगी झालीय तुला, छान आहे. आता मी तुला झोपवते. उठशील तेव्हा मी इथंच असेन."

नाडी एकशे चाळीसवरून एकशे वीसवर आली, इंजेक्शन आत जायच्या आधीच. मी ते आकडे बघत होतो. मला त्या क्षणी लाज वाटली असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खोटं होईल. मला भीती वाटली. मी मनात हिशेब करत होतो की त्या तीस मिनिटांत या खोलीत कोण काय बोललं, आणि बोलणाऱ्यांत सगळ्यात स्पष्ट उच्चार माझेच होते.

मॅडमनी पेशंटला मशीनला जोडलं आणि माझ्याकडे वळल्या. "माहेर कुठलं हिचं?"

"फॉर्ममध्ये तो रकाना नाही," मी म्हणालो.

त्यांनी टॅबलेट मागितला. 'जनुकदृष्टी'नं रेवतीच्या घराण्याचं झाड काढलं होतं, ते त्या चष्मा कपाळावर सारून बराच वेळ वाचत राहिल्या. मग तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, वाच. मी पहिल्यांदाच वाचलं. कॉम्प्युटरनं मधल्या नावाला बापाचं नाव समजून नवऱ्याला तिचा बाप केलं होतं. वडील : विश्वंभर हंबर्डे, वय सत्तावीस, मधुमेही, हृदयविकारानं मयत. मुलगी : रेवती, वय तेवीस. आणि या मयत वडिलांनी सकाळी नऊ वाजता संमतीपत्रावर सही केली होती. मी न वाचता दाबलेली पिवळी पट्टी बिचारी हेच सांगत होती, की बापलेकीच्या वयात चारच वर्षांचं अंतर दिसतंय, एकदा तपासा.

थुंकीचं म्हणाल तर तिचा खरा अहवाल एकवीस दिवसांनी आला आणि तो अक्षर न अक्षर बरोबर होता. लाल रंगात लिहिलं होतं की हे औषध या व्यक्तीला कदापि देऊ नये. जनुकशास्त्र कुठंच चुकलं नव्हतं. त्याच्या तोंडात सासूबाईंची साखर मी कोंबली होती.

मॅडम बाहेर गेल्या. मी मागोमाग. व्हरांड्यात सुभद्राबाई नातीला पदरात घेऊन बसल्या होत्या आणि विश्वंभर भिंतीला टेकून उभा होता. मॅडमनी सुनेचं माहेर विचारताच सुभद्राबाईंनी परभणीची मघाचीच गोष्ट सुरू केली. आपल्यातलीच, नात्यातली, पोरकी. ती इतक्या वेळा सांगून झाली होती की तिला कुठं शिवणच दिसत नव्हती.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "तुमची सून श्वास घेत नाही. मला चहाला जायचं नाही तिच्या माहेरी. खरं सांगा."

सुभद्राबाई नातीच्या तोंडावरचं दुपटं उगाच सारखं करत राहिल्या. मग विश्वंभर बोलला.

"चिद्रावार," तो म्हणाला. "हितलेच. जुन्या मोंढ्यात किराणा दुकान हाय त्यांचं. दोन वर्षं झाली, पळून जाऊन लग्न केलं आमी. ते बोलत न्हाईत, अन् आईनं गल्लीत असं सांगून ठेवलंय."

"आर्य वैश्य," मॅडम म्हणाल्या, आणि मोठा श्वास सोडला. मघापासून त्यांनीही तो धरून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. "सुटलो. तिच्या घरात कुणाला भुलीचा...?"

"मावशीला झाल्तं म्हनं. लग्नाआधीचं हाय, मला पक्कं ठावं न्हाई."

मॅडमनी त्याला तिथल्या तिथं मोंढ्यात पिटाळलं. तिच्या आईला घेऊन ये, मावशीचा काही कागद असेल तर तोही आण, आणि ते काय बोलतील ते ऐकून घे, उलट बोलू नको. पोरगा जिना तीन-तीन पायऱ्या उतरत गेला.

मला त्यांनी जिन्यातच समजावून सांगितलं. या समाजातल्या काही घराण्यांत, पिढ्यान् पिढ्या आपसातच लग्नं झाल्यामुळे, हे एक औषध मोडून टाकणारा पदार्थ रक्तात तयारच होत नाही. एरवी माणूस ठणठणीत, शंभर वर्षं जगेल, कुणाला पत्ता लागणार नाही. फक्त या एका औषधानं तो तासन् तास असा पडून राहतो. हे मीही पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत त्यावर चांगले मार्क मिळवले होते. पण समोर नाव हंबर्डे होतं, आणि हंबर्ड्यांच्या रक्तात ते असायचं कारण नव्हतं.

"मी जात विचारत नव्हते रे," मॅडम म्हणाल्या. "रक्त कुठून आलं ते विचारत होते. त्याची वाट आपल्याकडं माहेरातूनच जाते, त्याला मी काय करू? आता पोरं कुठंही लग्नं करतात, करावीत. पुढं ही आडनावं कामाची राहणार नाहीत, तेव्हा तुझं ते मशीनच लागणार आहे. पण त्याला नीट खायला घाल."

सर अँब्युलन्स घेऊन आले तेव्हा मॅडम दारात उभ्या होत्या. सरांनी मेंदूच्या तपासणीचं बोलणं काढलं. मॅडम म्हणाल्या, मेंदू शाबूत आहे, तिला कुठंही न्यायचं नाही, झोपेत ठेवायचं, मशीनवर श्वास द्यायचा, चार-पाच तासांत औषध उतरेल. वाटेत फुगा दाबणाऱ्याचा हात थकला, खड्ड्यात नळी निसटली, तर मात्र मेंदूचं तुम्ही म्हणताय ते खरं होईल. सर म्हणाले, आणि नाही उतरलं तर? मॅडम म्हणाल्या, तर माझ्या नावावर लिहा.

त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या सहज बोलल्या. मी फरशीकडे बघत राहिलो.

साडेअकरापासून आम्ही थांबलो. मॅडमनी स्टूल ओढलं आणि रेवतीच्या उशाशी बसल्या. दुपारी तिची आई आली. ठेंगणी, घाबरलेली बाई, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद घट्ट धरून. मावशीचा जुना कागद. 'हे औषध देऊ नये. घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावे.' खाली चौदा वर्षांपूर्वीची बिडवई मॅडमची सही होती. प्रत्येक मुलीला सासरी पाठवताना या कागदाची नक्कल द्यायची अशी त्या घरात रीत पडली होती. ही एकच पाठवणीशिवाय गेली, म्हणून हिच्याकडे नव्हती.

व्हरांड्यातल्या बाकावर एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला सुभद्राबाई. मधे दोन वर्षं. तासाभरानं मी बघितलं तर नात चिद्रावारबाईंच्या मांडीवर होती आणि सुभद्राबाई भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. "लोक नावं ठेवतील म्हून झाकलं बाई. पोरीनं सकाळी सांगाय तोंड उघडलं, तर म्याच दाबलं." चिद्रावारबाई उठून गेल्या नाहीत.

चार वाजायला दहा कमी असताना रेवतीचं करंगळीशेजारचं बोट हललं. मग छाती आपल्या आपण वर आली, थोडी, आणि पुन्हा. मॅडमनी घाई केली नाही. पुरता अर्धा तास श्वास मोजला, हात दाबून बघायला लावला, मान उचलायला लावली, तेव्हा कुठं नळी काढली. रेवती खोकली, आणि तिनं डोळे उघडले. मला रडू आलं. ते मात्र खरं होतं, आणि मी ते टोपीनं पुसलं.

सर बातमी ऐकून आत आले. नातेवाइकांनाही आत घेतलं. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी छोटंसं भाषणच केलं. आमच्या अद्ययावत जनुकीय यंत्रणेमुळे दोष वेळेत लक्षात आला, अन्यथा काय झालं असतं सांगता येत नाही. रविवारच्या कार्यक्रमाची ती रंगीत तालीम असावी. मॅडम रेवतीची नाडी धरून होत्या. रजियानं छताकडे बघितलं. मी सगळ्यांच्या मागं, दाराला पाठ लावून, हूं की चूं न करता उभा होतो.

रेवती एकेकाकडे बघत होती. सर बोलायचे थांबले तेव्हा ती घोगऱ्या, फाटक्या आवाजात मॅडमना म्हणाली, "तुम्ही कानात बोलला होता."

"हो."

"त्याच्या आधी दोघंजण बोलत होते. एक हे." तिनं सरांकडे बोट केलं. "माझं डोकं कामातून गेलं म्हणाले."

सरांचा चेहरा फलकावरच्या फोटोसारखा झाला, हसू तसंच राहिलं पण आत कुणी नव्हतं. भूल उतरताना असे भास होतात, ते चिद्रावारबाईंना समजावू लागले.

"दुसऱ्याचा आवाज आलेला नाही अजून," रेवती म्हणाली.

मॅडमनी खोलीत एकदा नजर फिरवली. ती रजियावर थांबली. रजियानं माझ्याकडे बघितलं, आणि मॅडमनी तिच्या नजरेमागोमाग मला शोधून काढलं. मी घट्ट तोंड मिटून होतो. अख्ख्या दिवसात मी पेशंटसाठी केलेली ती सगळ्यात मोठी खटपट असेल.

"डॉक्टर वसमतकर," मॅडम म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला डॉक्टर म्हटलं. "शुद्धीवर आलेल्या पेशंटला आपण काय विचारतो? या पुढं. भूल तुम्ही दिलीय, तुम्हीच विचारा."

पळायला दार होतं, पाठीला टेकलेलंच होतं. पण दारापलीकडे माझी पाटी होती आणि अलीकडे ही मुलगी. मी पुढं गेलो. पाच पावलं असतील. घसा खाकरला, तोही शक्य तितका हळू.

"तुमचं नाव काय?" मी विचारलं.

रेवतीनं डोळे मिटून घेतले. सकाळी पट्टीखाली होते तसे. मग तिनं डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"रेवती," ती म्हणाली. "मॅडमची सही टाकू म्हणणारे हेच. वय झालंय त्यांचं, कुणालाही पटेल, असं म्हणाले."

सर कधी बाहेर गेले ते कळलं नाही. मॅडमनी माझ्याकडे रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पलंगाला अडकवलेली फाइल काढली, त्यातला भुलीच्या नोंदीचा कोरा कागद वर ठेवला आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "सकाळपासूनचं सगळं, औषधाच्या नावासकट. शेवटी लिहा, रुग्ण पूर्ण शुद्धीवर, स्मरणशक्ती उत्तम. आणि खाली सही करा. स्वतःची."